तुरुंगातला ओपिऑइड व्यसनाचा उपचार: पहिल्या रात्रीपासून सुटकेनंतरच्या पंधरवड्यापर्यंत

तुरुंगाच्या दवाखान्यात नव्याने रुजू झालेल्या नर्स, समुपदेशक आणि डॉक्टरांसाठी हे लिहिते आहे. रुजू होताना तुमच्या हातात औषधांची यादी आणि एक जाडजूड नियमावली पडते. पण बंदी (म्हणजे कैदी) गोळी जिभेखाली विरघळवतोय की गालात दडवतोय हे कसं ओळखायचं, कुठला कागद कुणाकडे मागायचा, आणि दवाखाना बंद झाल्यावर अचानक सुटकेचा आदेश आला तर काय करायचं, हे त्या नियमावलीत नसतं. मी नर्स म्हणून हे काम करते, त्यामुळे इथे जे आहे ते बरंचसं औषधाच्या खिडकीतून दिसलेलं आहे. डोस ठरवणं डॉक्टरांचं काम. खाली दिलेले आकडे तुम्हाला समज यावी म्हणून आहेत, त्यावरून परस्पर औषध देऊ नका.

ओपिऑइड म्हणजे अफू, हेरॉइन, गर्द, फेंटानिल, आणि ट्रामाडॉल किंवा कोडीनसारखी वेदनाशामकं. यातलं काहीही रोज घेणारा माणूस आत आला की त्याची नशा काही तासांत तुटते. बरेच जण म्हणतात, "आत आहे ना, आपोआप सुटेल." हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. आत राहून शरीराची सवय उतरते, पण डोक्यात जुनंच माप बसलेलं असतं. बाहेर पडल्यावर माणूस त्या जुन्या मापाने घेतो आणि त्याचा श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांमधून सुटलेल्या तीस हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांना ओव्हरडोसने मरण येण्याचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या १२९ पट निघाला.

उलट, औषध चालू ठेवून सोडलं तर चित्र बदलतं. इंग्लंडमधल्या ३९ तुरुंगांच्या अभ्यासात, मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन ही व्यसनावरची औषधं चालू असताना सुटलेल्यांमध्ये पहिल्या चार आठवड्यांतले मृत्यू सुमारे ७५ टक्क्यांनी कमी दिसले. ऱ्होड आयलंड या अमेरिकेतल्या छोट्या राज्याने २०१६ मध्ये आपल्या तुरुंगात मेथाडोन, बुप्रेनॉर्फिन आणि नाल्ट्रेक्झोन ही तिन्ही औषधं द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, नुकत्याच सुटलेल्या लोकांचे ओव्हरडोसचे मृत्यू साधारण ६० टक्क्यांनी घटले. म्हणून आतल्या उपचाराचा खरा निकाल गेटबाहेर लागतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या हिशेबाने लावल्या आहेत.

आधी हाताशी काय हवं

- प्रवेशाच्या वेळच्या तपासणीचा फॉर्म. त्यात नशेबद्दलचे प्रश्न वेगळे छापलेले हवेत. "व्यसन: आहे/नाही" एवढ्या एका रकान्यावर भागवू नका.
- विथड्रॉवल, म्हणजे नशा तुटल्यावर होणारा त्रास, मोजायचा 'काउज' (COWS) तक्ता. नाडी, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, जांभया, अंगावरचा काटा असे ११ मुद्दे असतात.
- दोन संमतीपत्रं: एक उपचारासाठी, दुसरं बाहेरच्या केंद्राला माहिती देण्यासाठी. दुसरं हमखास विसरलं जातं आणि मग सुटकेच्या दिवशी फोनवर कुणी काही सांगायला तयार नसतं.
- नियंत्रित औषधांचं स्टॉक रजिस्टर आणि रोजचं डोस रजिस्टर, दोन सह्यांचं.
- लघवी तपासणीचे आणि गर्भधारणा तपासणीचे किट.
- नॅलॉक्सोन (ओपिऑइडचा ओव्हरडोस उलटवणारं औषध), पल्स ऑक्सिमीटर, ऑक्सिजन, अम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी). नॅलॉक्सोन फक्त दवाखान्याच्या कपाटात ठेवून उपयोग नाही. रात्री कपाटाची किल्ली घरी गेलेली असते. ड्युटीवरच्या शिपायाच्या हाताशी ते हवं आणि वापरायचं कसं हे त्याला यायला हवं.
- बाहेरच्या उपचार केंद्रांची यादी: पत्ता, उघडण्याच्या वेळा, सुट्टीचा वार, आणि फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव.

१. पहिली रात्र: विचारा, मोजा, खंड पडू देऊ नका

प्रश्न विचारताना शिपायाला दाराबाहेर, दिसेल पण ऐकू येणार नाही इतक्या अंतरावर उभं करा. तो शेजारी असला तर प्रत्येक उत्तर "नाही" असंच येणार. आपण जे बोलू ते केसच्या कागदात जाईल ही भीती बंद्याला असते आणि ती रास्त आहे. म्हणून दवाखान्यातली माहिती तुमच्या संस्थेत नक्की कुठवर जाते हे आधी वरिष्ठांकडून समजून घ्या, आणि जेवढं खरं आहे तेवढंच आश्वासन द्या.

"नशा करतोस का?" असा प्रश्न नको. "काय घेता, किती, ओढता की टोचून घेता, शेवटचं कधी घेतलं?" असं सरळ विचारा. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढची सगळी वेळापत्रकं त्यावर ठरतात. हेरॉइनसारख्या पदार्थाचं विथड्रॉवल, बंदी ज्याला टर्की म्हणतात ते, शेवटच्या डोसनंतर साधारण ८ ते १२ तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातं आणि आठवड्याभरात ओसरतं. मेथाडोनचं उशिरा सुरू होतं आणि जास्त दिवस रेंगाळतं.

टर्की आलेला माणूस ओळखायला फार विद्या लागत नाही. भर उकाड्यात घोंगडी ओढून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला असतो. नाक वाहतं, जांभयांवर जांभया येतात, पोटात कळा येतात, पाय झटकत राहतात. कुणीतरी हमखास म्हणतं, "नाटक करतोय." अशा वेळी टॉर्च घ्या आणि डोळे बघा. उजेडातही बाहुल्या मोठ्या राहिल्या असतील, हातावर कोंबडीच्या कातडीसारखा काटा उभा असेल, तर तो विषय तिथेच मिटतो. हे दोन्ही कुणाला ठरवून करता येत नाही. काउजचा आकडा लिहा, वेळ लिहा, सही करा, आणि काही तासांनी पुन्हा मोजा.

"टर्कीने कुणी मरत नाही" असंही तुम्हाला सांगतील. त्यावर विसंबू नका. सतत उलट्या-जुलाब होऊन शरीरातलं पाणी आटतं, आणि कोठडीत लक्ष द्यायला कुणी नसेल तर त्याने माणूस जातो. अशा मृत्यूंच्या नोंदी आहेत. पाणी, मीठ-साखरेचं द्रावण, नाडी, रक्तदाब आणि दर काही तासांनी फेरी हे पहिल्या रात्रीपासूनच सुरू करायचं.

सापळा इथे आहे: बंदी ओपिऑइडबरोबर दारू किंवा झोपेच्या गोळ्याही घेत असेल, तर त्या तुटण्याने झटके येऊ शकतात, आणि ते ओपिऑइडच्या विथड्रॉवलपेक्षा जास्त जीवघेणं असतं. हात थरथरताहेत, माणूस भांबावलाय, भलतंच काही दिसतंय असं म्हणतोय, तर डॉक्टरांना तेव्हाच उठवा. सकाळची वाट बघू नका.

बंदी स्त्री असेल तर गर्भधारणेची तपासणी त्याच रात्री करा. गरोदर असेल तर ओपिऑइड एकदम तोडायचं नाही. मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिन द्यायचं, हा उपचाराचा मान्य मार्ग आहे. बाळाला जन्मानंतर विथड्रॉवल होऊ शकतं, पण त्यावर उपचार आहेत. हे आईला आधीच सांगा, म्हणजे बराकीत कुणी घाबरवलं म्हणून ती मधेच औषध सोडणार नाही.

आणि जो आधीच बाहेर मेथाडोन किंवा बुप्रेनॉर्फिनवर होता, त्याचा डोस तोडू नका. नाव, केंद्र, शेवटचा डोस कधी आणि किती, याची केंद्राकडून त्याच दिवशी खातरजमा करून घ्या. फोन लागला नाही तर "उद्या बघू" म्हणून कागद बाजूला ठेवू नका, डॉक्टरांना कळवा. ऱ्होड आयलंडमध्येच झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, आत मेथाडोन चालू ठेवलेल्यांपैकी ९६ टक्के लोक सुटल्यावर महिन्याभरात बाहेरच्या मेथाडोन केंद्रात पोहोचले. ज्यांचं हळूहळू उतरवून बंद केलं होतं त्यांच्यात हे प्रमाण ७८ टक्के होतं.

२. औषध निवडताना आधी बाहेर बघा

औषधं तीन आहेत.

मेथाडोन हे पूर्ण ताकदीचं ओपिऑइड. रोज एकदा, बहुतेक ठिकाणी द्रवरूपात, समोर उभं करून पाजायचं. ते शरीरात साठत जातं, त्यामुळे पहिल्या दिवशी ठीक वाटलेला डोस तिसऱ्या-चौथ्या दिवशी जड होऊ शकतो. म्हणून सुरुवात कमी मात्रेने, बहुधा ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि वाढ सावकाश. हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवरही ते परिणाम करू शकतं. आधीचा त्रास असेल तर ईसीजी काढावा लागतो.

बुप्रेनॉर्फिन अर्धवट ताकदीचं. एका मर्यादेनंतर त्याचा श्वासावरचा परिणाम वाढत नाही, म्हणून ते जास्त सुरक्षित. गोळी किंवा पट्टी जिभेखाली विरघळवायची असते. त्याचं आठवड्याचं आणि महिन्याचं इंजेक्शनही निघालं आहे. ते ज्यांच्याकडे उपलब्ध आहे त्यांचं खिडकीवरचं निम्मं काम वाचतं.

नाल्ट्रेक्झोन हे ओपिऑइड नाहीच, ते ओपिऑइडची वाट अडवतं. घेण्याआधी ७ ते १० दिवस शरीर ओपिऑइडपासून पूर्ण मोकळं लागतं. तुरुंग प्रशासनाला ते फार आवडतं, कारण त्यात 'नशा' नाही आणि चोरून विकण्यासारखं काही नाही. माझं मत विचाराल तर ज्याला ते मनापासून हवं आहे त्यालाच द्या. त्याचा असर उतरला की शरीराची सवय शून्यावर आलेली असते. बाहेर जाऊन पुढचं इंजेक्शन न घेणारा माणूस सगळ्यात जास्त धोक्यात असतो.

मेथाडोन आणि बुप्रेनॉर्फिन २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. "एक नशा सोडवून दुसरी लावताय" असं म्हणणाऱ्या अधिकाऱ्याला हे सांगायला उपयोगी पडतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांतला २४ वा नियमही जवळ ठेवा. बंद्याला बाहेरच्या माणसाइतकीच आरोग्यसेवा मिळावी आणि अमली पदार्थांच्या व्यसनासकट सगळे उपचार अखंड चालू राहावेत, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. दक्षिण आशियात हे जमणार नाही असं कुणी म्हटलं, तर दिल्लीच्या तिहार कारागृहात २००८ मध्येच बुप्रेनॉर्फिनचा उपचार सुरू झाला, हेही सांगा.

आता निवड कशी करायची? बंद्याला सुटल्यावर जिथे राहायचं आहे तिथे कोणतं औषध मिळतं, हे आधी विचारा. त्याच्या गावाजवळ मेथाडोनचं केंद्रच नसेल, तर आत त्याला मेथाडोनवर उत्तम बसवून काय साधलं? सुटकेनंतर आठवड्याभरात तो पुन्हा टर्कीत असेल.

३. सुरुवात: घाई केली तर औषधच टर्की आणतं

बुप्रेनॉर्फिनची ही खोड पाठ करून ठेवा. शरीरात हेरॉइन किंवा मेथाडोन अजून भरलेलं असताना ते दिलं, तर ते आधीच्या ओपिऑइडला ढकलून त्याची जागा घेतं, आणि माणूस मिनिटांत भयंकर टर्कीत जातो. एकदा हा अनुभव आलेला बंदी पुन्हा त्या गोळीला हात लावत नाही, आणि बराकीत जाऊन दहा जणांना सांगतो ते वेगळंच.

म्हणून थांबायचं. हेरॉइनसारखा पदार्थ असेल तर निदान १२ तास, मेथाडोन असेल तर २४ ते ७२ तास, आणि घड्याळापेक्षा काउजचा आकडा मोलाचा. साधारण ८ ते १२ च्या पुढे गेला की डॉक्टर सुरुवात करतात, बहुधा २ किंवा ४ मिलिग्रॅमने, आणि तासा-दोन तासांनी बघून त्याच दिवशी वाढवतात. बराच काळ फेंटानिल घेणाऱ्यांमध्ये ते शरीरात रेंगाळतं, तिथे जास्त सबुरी लागते.

बंद्याला स्वच्छ शब्दांत सांगा: "आणखी थोडा वेळ त्रास काढावा लागेल, मग गोळी देते आणि मग उतार पडेल." का थांबवलंय हे कळलं की बहुतेक जण थांबतात. न सांगता ताटकळत ठेवलं तर तो खोटी वेळ सांगणार.

लघवीच्या चाचणीबद्दल एक इशारा. साधी ओपिएट पट्टी अफू-मॉर्फिन-हेरॉइनच्या घराण्यासाठी असते. फेंटानिल, मेथाडोन, बुप्रेनॉर्फिन, ट्रामाडॉल तिच्यात सहसा दिसत नाहीत. पट्टी कोरी आली म्हणून "खोटं बोलतोय" असा शेरा मारू नका.

आणि जो महिनोन् महिने आत आहे, ज्याला आज विथड्रॉवल नाही, त्यालाही सुटकेआधी औषध सुरू करता येतं. डॉक्टर फार कमी मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवतात. "आता तर तो स्वच्छ आहे, मग कशाला?" हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. उत्तर वरच्या १२९ पटीत आहे.

४. औषधाची खिडकी

नव्या माणसाला सगळ्यात जास्त दमवणारी जागा हीच. क्रम असा ठेवा.

ओळख पटवा: फोटो, नाव, नंबर. दोन सारख्या नावांचे बंदी एका बराकीत असणं काही दुर्मीळ नाही, आणि मेथाडोनचा चुकीच्या माणसाला गेलेला डोस जीव घेऊ शकतो. मग त्याच्याशी दोन वाक्यं बोला. जीभ जड झाली असेल, डोळे मिटत असतील, तर डोस थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा.

बुप्रेनॉर्फिन असेल तर आधी पाण्याचा एक घोट द्या. कोरड्या तोंडात गोळी विरघळत नाही. मग तोंड उघडं, गोळी जिभेखाली, हात मांडीवर किंवा टेबलावर, दिसतील असे. गोळी विरघळायला ५ ते १० मिनिटं लागतात. या वेळात बोलायचं नाही, तोंडाला हात लावायचा नाही. काही ठिकाणी गोळी चुरून देतात, म्हणजे दडवायला अख्खी उरत नाही. शेवटी जीभ वर, जीभ बाहेर, दोन्ही गाल बोटाने ओढून दाखव, आणि पुन्हा पाणी. मेथाडोन असेल तर प्यायल्यावर पाणी पाजा आणि बोलायला लावा. तोंडात द्रव धरून ठेवलेला माणूस नीट बोलू शकत नाही.

एवढं करूनही गोळ्या बाहेर जातात. गालात, दाताच्या फटीत, बाहीच्या शिवणीत. पकडल्यावर पहिला विचार उपचार बंद करायचा येतो. तो बाजूला ठेवा आणि एकांतात विचारा. बहुतेक वेळा दोनपैकी एक कारण निघतं: एक तर डोस कमी पडतोय आणि तो संध्याकाळसाठी अर्धी गोळी राखून ठेवतोय, किंवा बराकीतला कुणी दांडगट त्याला दमदाटी करून गोळी आणायला लावतोय. पहिल्याला डोस वाढवून हवा, दुसऱ्याला संरक्षण हवं. दोघांचं औषध बंद केलं तर दोघेही सुटतील तेव्हा जुनं माप आणि कोरं शरीर घेऊन सुटतील. द्रवरूप औषधाकडे किंवा इंजेक्शनकडे वळवणं हा मधला मार्ग. आणि बराकीत चोरून विकली जाणारी गोळी घेणारे बरेचसे स्वतःच टर्कीत असतात. त्यांना रांगेत घेतलं की गिऱ्हाईक घटतं.

व्यसनाच्या औषधाची खिडकी वेगळी ठेवू नका. वेगळी रांग म्हणजे कपाळावर शिक्का. रक्तदाब, मधुमेह, टीबीच्या औषधांबरोबर एकाच खिडकीत द्या.

कोर्टातल्या पेशीच्या दिवशी बंदी पहाटे गाडीत बसतो आणि रात्री परततो, त्याचा डोस हमखास बुडतो. आदल्या संध्याकाळी पेशीची यादी मागून घ्या आणि गाडी निघण्याआधी डोस द्या. सलग तीनहून जास्त दिवस बुडाले तर जुनाच डोस पुन्हा देऊ नका, डॉक्टरांना दाखवून कमीवरून चढवावा लागतो.

५. बरोबरीचे आजार आणि बोलणं

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, टीबी यांच्या तपासण्या सुरुवातीलाच करा. टीबीचं रिफाम्पिसिन मेथाडोनचा असर भराभर उतरवतं. एचआयव्हीचं एफाविरेन्झही तेच करतं. उत्तम चाललेला माणूस टीबीची औषधं सुरू झाल्यावर आठवड्याभरात टर्कीची तक्रार करू लागला, तर तो खरं बोलतोय.

समुपदेशन चांगलंच, पण समुपदेशकाची जागा रिकामी आहे म्हणून औषध अडवून ठेवू नका.

६. सुटकेची फाइल पहिल्याच आठवड्यात उघडा

कच्च्या कैद्याच्या सुटकेची तारीख कुणालाच माहीत नसते. सकाळी पेशीला गेलेल्याला दुपारी जामीन होतो, आणि काही ठिकाणी तो कोर्टातून परस्पर घरी जातो. म्हणून "सुटकेच्या आधी दोन आठवडे तयारी करू" हे कागदावरच छान दिसतं. प्रत्येक पेशी ही सुटकेची शक्यता समजा.

औषध सुरू केल्याच्या पहिल्याच आठवड्यात हे विचारून लिहून ठेवा: सुटल्यावर कुठे राहणार, कुणाबरोबर, तिथून केंद्र किती लांब, जायला पैसे कोण देणार. घरचा पत्ता देताना बंदी अडखळला तर दामटू नका. घरच्यांनी नाव टाकलेलं असू शकतं. मग निवाऱ्याची सोय हाही उपचाराचाच भाग होतो.

त्यानंतर केंद्राला फोन. "या पत्त्यावर जा" अशी चिठ्ठी म्हणजे जोडून देणं नव्हे. शक्य असेल तर बंद्याला समोर बसवून फोन लावा आणि तिथल्या माणसाशी त्याचं बोलणं करून द्या. आपलं नाव कुणाला तरी ठाऊक आहे एवढ्यानेही माणूस त्या दाराशी जातो. केंद्राला तीन प्रश्न विचारा: नवा माणूस कोणत्या वारी घेता, ओळखपत्राशिवाय घेता का, आणि आमच्या डोसच्या चिठ्ठीवर त्याच दिवशी डोस देता की पुन्हा पहिल्यापासून तपासणी? तिसऱ्याचं उत्तर "पहिल्यापासून" असेल तर मधल्या दिवसांच्या औषधाची सोय तुम्हालाच करायची आहे.

ओळखपत्र हा खरा खोडा. अटकेच्या वेळी जप्त झालेलं, हरवलेलं किंवा मुदत संपलेलं असतं. आत असतानाच अर्ज करता येतो का ते बघा. आरोग्य विम्याचं किंवा सरकारी योजनेचं नावही आत असताना थांबलेलं असू शकतं. अमेरिकेत मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्य योजना, तुरुंगात बहुतेक उपचारांना लागू होत नाही. सुटकेआधीच्या ९० दिवसांपर्यंत काही सेवा त्यातून देण्याची परवानगी जानेवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा कॅलिफोर्नियाला मिळाली.

सुटकेचं पाकीट भरून, नाव लिहून कपाटात ठेवा. त्यात असावं:

- शेवटच्या डोसची चिठ्ठी: औषध, मात्रा, तारीख, वेळ, सही-शिक्का, दवाखान्याचा फोन. मात्रा आणि तारीख शेवटच्या क्षणी भरायची, बाकी आधीच.
- केंद्राचा पत्ता, वेळ आणि भेटायच्या माणसाचं नाव, मोठ्या अक्षरांत. वाचता येत नसेल तर बरोबर येणाऱ्या माणसाला समजावून सांगा.
- पुढच्या भेटीपर्यंत पुरेल इतकं औषध किंवा त्याची चिठ्ठी, नियमात बसेल तसं. इंजेक्शन मिळत असेल तर ते सुटकेच्या आधी देणं सगळ्यात निर्धोक.
- बाकी आजारांची औषधं आणि तपासण्यांच्या प्रती.
- नॅलॉक्सोनच्या दोन मात्रा.

७. सुटकेचा दिवस

सुटका बहुधा आडवेळी होते. म्हणून गेटवरच्या ड्युटी ऑफिसरशी आधीच ठरवून ठेवा, की यादीतला बंदी सुटताना पाकीट त्याच्या हातात दिल्याशिवाय रजिस्टर बंद करायचं नाही. हे तोंडी ठरलं तर ड्युटी बदलली की विरतं. लेखी आदेश काढून घ्या.

स्कॉटलंडने २०११ मध्ये देशभर नॅलॉक्सोन कार्यक्रम सुरू केला आणि तुरुंगातून सुटणाऱ्यांच्या हातात ते द्यायला लागले. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर मागणीपत्र आजच टाका.

दहा मिनिटं मिळाली तर एवढं बोला: "तुमच्या शरीराची सवय उतरली आहे. पूर्वीचा डोस आता विष आहे. केंद्रात जा. आणि काही झालंच, घेतलंतच, तर एकटे असताना घेऊ नका, दार लावून घेऊ नका, पूर्वीच्या मानाने अगदी थोडं घ्या, दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर मुळीच नको." हे बोलायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे. परवानगी दिल्यासारखं वाटतं. तरी बोला. औषध चालू असलेल्याला सहसा जुन्या मापाचा तितका धोका नसतो, पण मधेच औषध सोडलं तर तोही तिथेच येतो, हेही सांगा.

न्यायला आलेल्या नातेवाईकालाही बाजूला घ्या, बंद्याच्या संमतीने. ओव्हरडोसची खूण: हाक मारून, छातीचं हाड चोळूनही जागा होत नाही, ओठ निळे, श्वास अगदी सावकाश किंवा घोरल्यासारखा, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आधी रुग्णवाहिका बोलवा, नॅलॉक्सोन द्या, तोंडाने श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत हालचाल नसेल तर दुसरी मात्रा. शुद्धीवर आला तरी एकटं सोडायचं नाही. नॅलॉक्सोनचा असर साधारण ३० ते ९० मिनिटांत उतरतो आणि शरीरातलं ओपिऑइड त्याहून जास्त वेळ टिकलं तर श्वास पुन्हा थांबू शकतो. अंगावर थंड पाणी ओतणं, मिठाचं पाणी पाजणं, चालवत ठेवणं, यातलं काहीही करू नये.

८. पहिले चौदा दिवस

दुसऱ्या दिवशी फोन करा, बंद्याला नव्हे, केंद्राला. आला का? आला नसेल तर मग त्याला किंवा त्याने दिलेल्या नंबरावर. सुटलेल्यांपैकी कितीतरी जणांकडे पहिल्या आठवड्यात फोनच नसतो, म्हणून संमतीपत्रावर एकाहून जास्त नंबर घ्यायचे. स्वतः यातून गेलेला, आता स्थिर असलेला माणूस तुमच्या ओळखीत असेल तर गेटपासून केंद्रापर्यंत त्याला बरोबर पाठवा. केंद्राच्या दाराशी पाय अडखळतो तेव्हा आपल्या सल्ल्यापेक्षा "चल, मीपण इथेच आलो होतो" जास्त कामी येतं.

केंद्रात गेला नाही आणि पुन्हा घ्यायला लागला असं कळलं, तरी फाइल बंद करू नका. केंद्राला सांगून नवी वेळ घ्या. बरेच जण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला टिकतात.

काही जण पुन्हा आतच येतात. रांगेत ओळखीचा चेहरा दिसतो, मान खाली असते. "परत आलास?" असं विचारू नका. जुनी फाइल काढा, पण जुना डोस उचलून देऊ नका. मधल्या काळात काय घेत होता, केंद्राचं औषध चालू होतं का, शेवटचं कधी घेतलं, हे नव्याने विचारा, काउज नव्याने मोजा, आणि पायरी एकपासून सुरू करा. सुटकेच्या पाकिटावरची जुनी तारीख खोडून नवं पाकीट त्याच आठवड्यात भरा. मागच्या वेळी कुठे तुटलं होतं, केंद्राची वेळ, भाड्याचे पैसे की ओळखपत्र, ते त्यालाच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहा.